आम्ही झाडं लावली, बीव्हरनं बंधारा घातला: एका सॅमन-ओढ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं, सिएटलच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातलं. ओढ्याचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील थोडे बदलले आहेत. या ओढ्याकाठी झाडं लावणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात मी २०१८ पासून आहे. पुढे जी चूक येणार आहे तिच्यात माझेही हात होते, हे आधीच सांगून ठेवतो.

ओढा लहान आहे. ऑगस्टमध्ये उडी मारून ओलांडता येतो, नोव्हेंबरच्या पावसात मात्र गुडघ्याच्या वर चढतो. पुढे तो एका नदीला मिळतो आणि नदी प्युजेट साउंडला, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या फाट्याला. या ओढ्यात कोहो जातीचे सॅमन येतात. कोहोचा फेरा साधारण तीन वर्षांचा असतो. पावसाळी शरदात मादी शेपटीनं खडीत खळगा करते, अंडी घालते, आणि त्यानंतर नर-मादी दोघंही मरतात. वसंतात पिल्लं खडीतून वर येतात, वर्षभर ओढ्यातच वाढतात, मग समुद्रात जातात आणि दीडेक वर्षानं त्याच ओढ्यात परत येतात.

मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात शिरणारे चढणीचे मासे ज्यांनी कोकणात पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. फक्त इथला मासा हातभर लांब, आणि तो पुन्हा समुद्राकडे जात नाही.

पुढच्या सगळ्या गोष्टीत एक मुद्दा लक्षात ठेवावा लागेल. सॅमनच्याच चम जातीची पिल्लं खडीतून निघाली की जवळजवळ लगेच समुद्राची वाट धरतात. कोहोच्या पिल्लांना ओढ्यात एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा हिवाळा काढावा लागतो. उन्हाळ्यात त्यांना गार पाणी हवं आणि हिवाळ्यात पुराच्या लोंढ्यापासून आडोसा. आमच्या ओढ्यात दोन्ही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी तो ओढून सरळ केलेला, कडेला झाड नाही, काठावर रीड कॅनरी गवताचं दाट पातं आणि हिमालयन ब्लॅकबेरीची जाळी. (नाव हिमालयन असलं तरी हिमालयाशी या झुडपाचा संबंध नाही, ते मूळचं आर्मेनिया-इराणकडचं. आपल्याकडे घाणेरीनं जे केलं तेच इथे यानं केलं.)

खालच्या अंगाला महामार्गाची मोरी होती. ती काही वर्षांपूर्वी राज्यानं बदलून रुंद केली. त्यामागे मोठा इतिहास आहे. १८५० च्या दशकातल्या तहांनी इथल्या मूळ जमातींना मासेमारीचा हक्क राखून दिला होता. १९७४ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी त्याचा अर्थ लावला की पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा. मग पुढचा प्रश्न आला: रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्यांमुळे मासे वर चढूच शकत नसतील, तर निम्मा वाटा कशाचा? त्या खटल्यात २०१३ मध्ये राज्याला मोऱ्या दुरुस्त करण्याचा हुकूम झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चारास चार मतं पडून तो कायम राहिला. मोरी रुंद झाली म्हणून आमच्या ओढ्यात कोहो पुन्हा दिसू लागले, आणि कोहो दिसले म्हणून आमचा गट जमला.

काम साधं होतं. ऑक्टोबर ते मार्च या ओल्या महिन्यांत दर दुसऱ्या शनिवारी श्रमदान. ब्लॅकबेरीचे गड्डे खणून काढायचे, कॉफीची रिकामी गोणपाटं अंथरून त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि झाडं लावायची. विलोच्या हातभर काड्या ओल्या मातीत नुसत्या ठोकल्या की लागतात, आपल्या शेवग्यासारख्या. त्याखेरीज कॉटनवुड, रेड ऑल्डर, थोडे सीडार. नेहमी येणारे दहा-बाराजण, त्यात मराठी कुटुंबं तीन. बाकी शाळेसाठी सेवेचे तास भरणारी मुलं आणि नोकरीच्या ठिकाणाहून आलेले गट. काही कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या प्रत्येक तासामागे संस्थेला देणगी देतात, त्यामुळे तासांची आणि झाडांची नोंद काटेकोर असायची. अनुदान देणाऱ्यांनाही तेच आकडे हवे असत: किती लावली, किती जगली. मासे कोणी मोजत नव्हतं. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत सहाशेच्या आसपास झाडं लागली होती, कॉटनवुड डोक्याच्या वर गेले होते आणि आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

अडचण

२०२१ च्या सप्टेंबरअखेर एका सकाळी पाहिलं, तर काठावरचे सात-आठ कॉटनवुड आडवे. खुंटांना पेन्सिलीला काढावं तसं टोक. ऑक्टोबर उजाडेपर्यंत पहिल्या दोन हंगामांतले बहुतेक कॉटनवुड गेले, विलोही बरेच गेले. पादचारी पुलाच्या जरा वर, जिथे काठ सर्वांत जवळ येतात, तिथे फांद्या, चिखल आणि आमच्याच गोणपाटाच्या चिंध्या यांचा बंधारा उभा राहिला.

बीव्हर म्हणजे घुशीच्या दूरच्या नात्यातला, मध्यम कुत्र्याएवढा प्राणी. तो मासे खात नाही. हे इथेही अनेकांना माहीत नसतं, आमच्यातल्या दोघांनाही नव्हतं. तो पाला आणि साल खातो, आणि पाणी अडवून स्वतःपुरती सुरक्षित खोली तयार करतो. रात्री काम करतो. वाहत्या पाण्याचा खळखळाट ऐकू आला की गळती बुजवायला धावतो.

तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या.

पहिली, झाडं. अनुदानाचा अहवाल डिसेंबरात द्यायचा होता आणि "किती जगली" या रकान्यात काय लिहायचं हे कळेना.

दुसरी, शेजार. ओढा ज्या उद्यानातून जातो त्याच्या कुंपणाला लागून एका बाईंचं घर आहे. या भागात गटारवाहिनी नाही. घराच्या सेप्टिक टाकीचं पाणी मागच्या अंगणात जमिनीत मुरतं. बंधाऱ्यामुळे तळं फुगत त्या अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत आलं. जमीन पाण्यानं भरली की टाकीचं पाणी मुरत नाही, उलट घरात येतं. बाईंनी आम्हाला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या माशांसाठी माझं संडास तुंबवायचं का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. तीन वर्षं त्यांच्या कुंपणापलीकडे आम्ही काम करत होतो आणि एकदाही त्यांचं दार वाजवलं नव्हतं.

तिसरी, मासे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि कोहो आले. बंधाऱ्याखालच्या डोहात पाच-सहा मासे घिरट्या घालताना दिसले. त्यातली एक मादी पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत होती, तिचा तोल जात होता. दुसऱ्या दिवशी ती मेलेली आढळली, आणि शेजारी आणखी एक.

एका सकाळची घाई

त्या सकाळी डोहाशी आम्ही चौघं होतो. मेलेली मादी उचलून पाहिली, पोट अंड्यांनी टच्च भरलेलं. एवढा प्रवास करून आली आणि अंडी न घालता गेली. आम्हाला अर्थ उघड दिसत होता: बंधारा आडवा आला म्हणून ती थकून मेली. उरलेल्या माशांसाठी वाट करायला हवी.

एकजण पाण्यात उतरून फांद्या ओढू लागला. मग मी उतरलो, मग आणखी एक. चौथी व्यक्ती, आमची समन्वयक, "आधी फोन करू या" एवढंच म्हणाली. आम्ही ऐकलं नाही. वीसेक मिनिटांत बंधाऱ्यात दोन हात रुंदीचं खिंडार पडलं आणि साठलेलं पाणी गाळासकट खाली गेलं. आमच्यातल्या एकानं टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी खिंडार बुजलेलं होतं. नवा चिखल, ताज्या फांद्या.

आम्ही काय केलं होतं हे काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, जीवशास्त्रज्ञ आल्यावर कळलं. समन्वयकानं त्यांना बोलावलं आणि आम्ही स्वतःहून सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, पुलाखाली नेलं आणि खडी दाखवली. पुलापासून पन्नास-साठ पावलांवर कोहोचं एक विणीचं घरटं होतं, आम्हाला ते ओळखताच आलं नव्हतं. स्वच्छ खडीचा फिकट उंचवटा असायला हवा तिथे आता तपकिरी गाळाचा थर होता. अंड्यांना खडीच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातून प्राणवायू मिळतो. बारीक गाळानं फटी भरल्या की अंडी गुदमरतात. त्या घरट्यातलं किती वाचलं ते सांगता येणार नाही, पण बीव्हरनं महिनाभर अडवलेला गाळ आम्ही एका सकाळी त्यावर ओतला होता.

मग मेलेल्या मादीचा विषय निघाला. त्यांनी आधी विचारलं, मरताना ती कशी दिसत होती? तोंडाची उघडझाप, तोल जाणं हे ऐकल्यावर त्या रस्त्याकडे बघू लागल्या. प्युजेट साउंडच्या शहरी ओढ्यांत अंडी न घालताच कोहो मरतात हे वीसेक वर्षं माहीत होतं, कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं, टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडतं आणि मोठ्या पावसात धुऊन ओढ्यात येतं. कोहो त्यानं काही तासांत मरतो, चम जवळजवळ निर्धास्त राहतो. मोठा पाऊस, महामार्गाचं पाणी ओढ्यात सोडणारा नळ आणि ती लक्षणं यांवरून त्यांचा संशय तिकडेच गेला. प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्रीनं मीही म्हणत नाही. पण "बंधाऱ्यानं मारलं" याला आमच्याकडे डोळ्यांसमोरच्या बंधाऱ्याखेरीज कोणताच पुरावा नव्हता.

वर कायदाही होताच. या राज्यात ओढ्याच्या पात्रात काही करायचं, बीव्हरचा बंधारा हलवणंही त्यात आलं, तर मत्स्य व वन्यजीव खात्याची परवानगी लागते. आम्हाला समज मिळाली, दंड झाला नाही.

समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या मध्यावर ग्रंथालयाच्या खोलीत बैठक झाली. गटाचे सहाजण, उद्यान खात्याचा माणूस, जीवशास्त्रज्ञ आणि शेजारच्या बाई.

बाईंचा आग्रह होता की सापळा लावून बीव्हर मारावेत. परवानाधारक माणसाकडून ते कायदेशीरपणे करता येतं. याला विरोध फक्त हळवेपणातून आला नाही. जागा बीव्हरला आवडणारी असेल तर ती रिकामी राहत नाही. दोन वर्षांची पिल्लं दर वसंतात घर सोडून नवा ओढा शोधत निघतात, पुढच्या वर्षी दुसरं जोडपं आलं असतं. म्हणजे खर्च दरवर्षीचा.

स्थलांतराचाही विचार झाला. याच भागातल्या टुलालिप जमातीनं गेल्या दशकात त्रासदायक ठरलेले बीव्हर सखल वस्त्यांतून पकडून डोंगरातल्या ओढ्यांत सोडण्याचं मोठं काम केलं आहे. सॅमनसाठीच. पण थंडीच्या तोंडावर कुटुंब हलवलं तर नव्या जागी त्याला निवारा बांधायला आणि हिवाळ्याचा अन्नसाठा करायला वेळ मिळत नाही. म्हणजे किमान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं, आणि रिकाम्या जागेचा प्रश्न तसाच.

परवानगी काढून बंधारा पुन्हा पुन्हा उतरवायचा, हा उद्यान खात्याच्या माणसाचा सुरुवातीचा कल होता. रोज रात्री तो पुन्हा उभा राहील, हे आम्ही अनुभवावरून सांगू शकत होतो.

मग जीवशास्त्रज्ञांनी तळ्याच्या पातळीवर लगाम घालणाऱ्या नळाची कल्पना मांडली. बंधारा राहू द्यायचा. त्याच्यातून एक जाड लवचीक नळ आरपार घालायचा आणि नळ जितका उंच बसवू तितकीच पाण्याची पातळी राहते. नळाचं वरचं तोंड बंधाऱ्यापासून काही मीटर आत, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. तिथे खळखळाट नसतो, ओढ जाणवत नाही, त्यामुळे गळती नेमकी कुठे आहे हे बीव्हरला कळत नाही.

हा पर्याय ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न होता: आणि आमची झाडं? त्यावर त्या बाई (जीवशास्त्रज्ञ, शेजारीण नव्हे) जे बोलल्या ते मला आजही आठवतं. त्यांनी विचारलं, झाडं कशासाठी लावली होतीत? सावलीसाठी, आणि कधीतरी, पन्नास वर्षांनी, एखादं झाड ओढ्यात पडून डोह तयार व्हावा म्हणून. डोह तर आत्ताच तयार झाला आहे.

मग त्यांनी स्टिलाग्वामिश नदीच्या खोऱ्याचा अभ्यास सांगितला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अंदाजानुसार हिवाळ्यात कोहोची पिल्लं पोसण्याची खोऱ्याची क्षमता पूर्वीपेक्षा ८६ टक्क्यांनी घटली आहे, आणि त्याचं मुख्य कारण बीव्हरची तळी नाहीशी होणं. हडसन्स बे कंपनीनं प्युजेट साउंडवर १८३३ मध्ये फोर्ट निस्क्वाली उभारलं तेव्हा युरोपात टोप्यांसाठी बीव्हरच्या केसाळ कातड्याला प्रचंड मागणी होती. मागणी संपेपर्यंत बहुतेक ओढे बीव्हरवाचून झाले होते. म्हणजे ज्या ओढ्याला आम्ही "मूळ रूप" देऊ पाहत होतो, त्या मूळ रूपात बीव्हर होताच. आमच्या आराखड्यात तेवढा तो नव्हता.

आमच्यातल्या सगळ्यांना हे पटलं असं नाही. पहिल्या दिवसापासूनचा एक सहकारी म्हणाला, "मी तीन वर्षं गुडघे मोडून जे लावलं ते खाणाऱ्याला आता मी आमचा भागीदार म्हणू का?" पुढच्या महिन्यात त्यानं येणं थांबवलं. त्याला समजवायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

काय ठरलं आणि काय केलं

नळ बसवायचं ठरलं. पण पात्रातल्या कामाला मुभा असते ती उन्हाळ्यात, अंडी-पिल्लं खडीतून बाहेर पडल्यावर आणि नवे मासे येण्याआधी. म्हणजे जुलैअखेर. मधले आठ महिने शेजारीणबाईंचं अंगण कोरडं ठेवायचं होतं.

त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, परवानगी घेऊन काउंटीच्या दोन कर्मचाऱ्यांनी बंधाऱ्याची कड मोठ्या पावसाआधी हातानं उतरवली, दर वेळी चार बोटं, तासातासाच्या अंतरानं, खाली पाणी गढूळ होतंय का हे बघत. आम्ही वीस मिनिटांत केलेलं काम ते अख्ख्या दिवसात करत होते. दोन, बाईंच्या हद्दीवर वाळूच्या पोत्यांचा बांध.

पोती रचायला आम्ही डिसेंबरच्या पावसात जमलो आणि पहिलीच रांग घसरली. आमच्या एका मैत्रिणीचे वडील तेव्हा कुडाळहून सहा महिन्यांसाठी आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. ते छत्री घेऊन बघत उभे होते. गावी त्यांनी वनराई बंधारे घातलेले. छत्री मिटून ते पुढे आले. पोतं पाऊणच भरा म्हणजे बसतं, गच्च भरलेलं लोळतं. तोंड दुमडून खाली दाबा. वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. दोन तासांत बांध उभा राहिला आणि तो मार्चपर्यंत हलला नाही. जाताना आबांनी बीव्हरचा बंधारा निरखून पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडे ह्येका ग्रामसभेचो ठराव लागता."

उरलेल्या झाडांना गळ्याइतक्या उंचीपर्यंत जाड तारेचे पिंजरे घातले, खोडाला न चिकटता वीतभर मोकळे. जानेवारीपासून लागवडीची यादी बदलली. बीव्हरला फारसे न रुचणारे सिटका स्प्रूस, एल्डरबेरी, नाइनबार्क, ट्विनबेरी हे काठाजवळ, आणि विलो भरपूर, तोडली तरी चालेल या हिशेबानं.

डिसेंबरचा अहवाल समन्वयकानं लिहिला. जगलेल्या झाडांचा खरा आकडा तिनं दिला, आणि खाली एक परिच्छेद जोडला की ओढ्यात आता तळं आहे. मला भीती होती अनुदान जाईल. गेलं नाही, पण पुढच्या हप्त्याआधी दोनदा स्पष्टीकरण मागितलं गेलं.

जुलैअखेर नळ बसला. पिंजरा आम्ही पार्किंगमध्ये विणला होता, शाळकरी मुलांनी तारेच्या कड्या आवळल्या. पाण्यातलं काम काउंटीच्या लोकांनी केलं. पाणी फूटभर उतरलं, बाईंच्या अंगणाचा कोपरा उघडा पडला. सप्टेंबरात बीव्हरनं उत्तर दिलं: नळाच्या खालच्या तोंडापासून वीसेक पावलांवर दुसरा, छोटा बंधारा. आमचा जीव वरखाली झाला. जीवशास्त्रज्ञांनी येऊन मापं घेतली. नळाचं तोंड अजून मोकळं होतं. त्यांनी तो तसाच ठेवायला सांगितला, कारण एका मोठ्या चढाऐवजी आता दोन छोटे चढ झाले होते, आणि वर येणाऱ्या माशाला ते सोपं जातं.

निष्पत्ती

२०२२ चा पाऊस उशिरा आला. ऑक्टोबरचा बराचसा काळ कोरडा गेला आणि खालच्या डोहात मासेच नव्हते. पाऊस लागल्यावर नोव्हेंबरात एका दुपारी काठावरून आम्ही एक नर खालच्या बंधाऱ्यावरून उडी मारताना पाहिला. वरच्या बंधाऱ्यावरून तो गेलाच नाही. पाणी वाढल्यावर बंधाऱ्याच्या डाव्या कडेनं गवतातून एक पाट फुटला होता, त्यातून तो पाठ उघडी टाकत सरपटत वर गेला. डिसेंबरात तळ्याच्या वर दोन घरटी दिसली. या वेळी आम्हाला ती ओळखता आली.

त्या वर्षीही रस्त्याखालच्या नळाजवळ एक मादी अंड्यांसकट मेलेली सापडली. तळ्यातला नळ, पिंजरे, बंधारे यांपैकी कशाचाच त्यावर उपाय नाही. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून मुरवून ओढ्यात सोडलं तर हे विष बरंचसं अडतं, हे सिद्ध झालेलं आहे. पण ते काम महामार्गाच्या हद्दीत करावं लागेल आणि आमचा अर्ज अजून तिथेच आहे.

२०२३ च्या वसंतात काउंटीनं परवान्यासह तळ्यात छोटे सापळे लावले. खालच्या सरळ पट्ट्यातल्या सापळ्यांत एखाददुसरं पिल्लू. तळ्यातला सापळा उचलला तर आत बोटुकल्यांची वळवळ, आणि ती खालच्यांपेक्षा जाडजूड. त्या सकाळी फार आनंद झाला. तरी हे एका दिवसाचं बघणं आहे. बीव्हर येण्याआधी तिथे किती पिल्लं होती याची नोंद आमच्याकडे नाही, त्यामुळे किती फरक पडला हे कोणालाच सांगता येणार नाही.

तोडलेल्या विलोच्या खुंटांना सागाच्या खुंटासारखे पाच-पाच, सहा-सहा धुमारे फुटले. कॉटनवुडपैकी निम्म्यांनी पुन्हा मान वर काढली. ज्या रीड कॅनरी गवताशी आम्ही तीन हिवाळे झगडलो, ते खोल पाण्याखाली कुजून गेलं. शेजारीणबाई समाधानी नाहीत. अंगण कोरडं आहे, पण त्यांचं एक सफरचंदाचं झाड गेलं आणि डासांची तक्रार आहे. दर पावसाआधी त्या आम्हाला पातळीचा फोटो पाठवतात. आमच्याकडची पाण्याच्या पातळीची सर्वांत नियमित नोंद आता त्यांचीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

खिंडार पाडणं हे उघडच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फोन खिशात होता.

त्याहून मला खटकतं ते त्याआधीचं. २०१९ मध्येच वरच्या अंगाला कुरतडलेला ऑल्डरचा जुना खुंट आम्ही पाहिला होता. त्याचा फोटोही आहे, एक मुलगा त्यावर पाय ठेवून उभा. तेव्हा कोणी विचारलं नाही की हे कोणी केलं, आणि तो परत आला तर? आम्ही काठावर कॉटनवुडची ओळ लावत सुटलो. पंगत मांडायची, पानं वाढायची आणि जेवायला कोणी बसलं की आरडाओरडा करायचा, असा तो प्रकार. तेव्हाच यादी मिश्र केली असती आणि पहिल्या दिवसापासून तार गुंडाळली असती, तर निम्मा वाद झाला नसता.

दुसरं, शेजार. सेप्टिकचं पाणी कुठे मुरतं हे आराखडा करताना एका भेटीत कळलं असतं. बाईंना हे प्रकरण "ते लोक" आणि "मी" असं दिसलं, कारण तीन वर्षं ते तसंच होतं.

तिसरं, मोजणी. पहिल्या वर्षी एक दिवस, परवानाधारक माणसाबरोबर, ओढ्यात किती पिल्लं आहेत एवढं पाहिलं असतं तर आज हे लिहिताना इतके "बहुधा" लागले नसते. पण देणग्या तासांवर मिळत होत्या आणि फलकावर झाडांचा आकडा चांगला दिसत होता.

ज्याबद्दल मला अजून ठरवता येत नाही ते म्हणजे येणं थांबवलेला सहकारी. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण बैठकीत आम्ही त्याच्या तीन वर्षांच्या कष्टाला "चुकीचं मोजमाप" म्हणून मोकळे झालो. पोती रचायला त्याला बोलावलं असतं तर कदाचित आला असता.

गेल्या महिन्यात नगरपालिकेचा फोन आला. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावरस्त्याखाली एक जुनी, अरुंद मोरी आहे. तिच्या तोंडाशी ताज्या फांद्या दिसतायत. तळ्यातली थोरली पिल्लं वसंतात घर सोडून निघाली असणार, आणि एवढीशी मोरी म्हणजे त्यांना भोक पडलेला तयार बंधाराच. शनिवारी आम्ही बघायला जातोय, परवानगीचा अर्ज सोबत घेऊन. त्या रस्त्यावरच्या चार घरांची दारं परवाच वाजवून झाली. हे सगळं मैत्रिणीनं व्हिडिओ कॉलवर कुडाळला सांगितलं, तर आबांनी एवढंच विचारलं, "पोती आसत मा?"